दादांची पहिली बशी

आमचं हॉटेल अळणी मिसळीपायी बुडालं, असं जुन्नरच्या पेठेत अजून म्हणतात. पूर्वी मी असं म्हणणाऱ्यांशी भांडायचे. आता भांडत नाही, कारण ते खरं आहे. मिसळ अळणी का होती हे मात्र त्यांना माहीत नाही, आणि जे माहीत नसतं त्यावरच माणसं जास्त ठासून बोलतात. आई म्हणायची, या पोरीच्या पायाला भिंगरी आणि जिभेला धार. दोन्हींनी मला कधी सुखानं बसू दिलं नाही, आणि शेवटी शेवटी हॉटेलालाही नाही.

हॉटेल म्हणजे काही मोठं नव्हे. पुढे चार टेबलं, बाकडी, एक भट्टी. मागे स्वयंपाकघर, आणि त्याच्या मागे आमच्या राहत्या दोन खोल्या. पुढच्या बाजूला शटर नव्हतं, लाकडी फळ्या होत्या. प्रत्येक फळीवर खडूनं आकडा घातलेला, कारण चुकीच्या खाचेत चुकीची फळी बसत नसे. पाटी कधी लावलीच नाही. आजोबा आणे गावाच्या पठारावरून आले होते. तिथं पावसाचा भरवसा नाही आणि भाऊ मात्र पाच, तेव्हा धाकट्यानं काय खायचं? ते खाली जुन्नरला आले, पेठेत एका ओट्यावर चहाचा स्टोव्ह मांडला, आणि पाच-सहा वर्षांत तोच गाळा घेऊन मिसळ सुरू केली. 'आण्याच्या माणसाचं हॉटेल' एवढंच त्याचं नाव. माझ्या वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, त्या नावात कधी भर घातली नाही.

आजोबांच्या काळात भांडी सगळी पितळेची. पितळेला आतून कल्हई नसली की आंबट पदार्थ कळकतो, आणि कळकलेलं पोटात गेलं की उलट्या ठरलेल्या. आमच्या शेजारच्याच गाळ्यात कल्हईचं दुकान होतं. ते चालवणारा माणूस तेव्हा जेमतेम विशीतला. एका रविवारी, ऐन बाजाराच्या सकाळी, तो मिसळ खायला बसला. पहिला घास तोंडात घातला, थुंकला, आत गेला आणि रश्श्यानं भरलेलं पातेलं उचलून त्यानं सरळ गटारात ओतलं. आजोबा जळतं लाकूड घेऊन त्याच्या अंगावर धावले. त्यानं रिकामं पातेलं उजेडात धरलं आणि बुडाशी उघडं पडलेलं पितळ दाखवलं. आजोबांनी तो रस्सा स्वतः दोनदा चाखला होता आणि त्यांना काही म्हणजे काही कळलं नव्हतं. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. स्वतःच्या हातच्या चवीचंही तसंच असतं.

त्या दिवशी आजोबांनी दोन गोष्टी ठरवल्या. रस्सा घरच्या कुणीही चाखायचा नाही. आणि पहिली बशी रोज त्या कल्हईवाल्याला द्यायची. तो 'जमलं' म्हणाला की मगच गिऱ्हाईक.

मी जन्मले तेव्हा आजोबा गेलेले होते आणि तो कल्हईवाला म्हातारपणाकडे झुकलेला होता. सगळी पेठ त्यांना दादा म्हणायची, आम्हीही. सकाळी सातला अण्णा मधल्या दोन फळ्या काढायचे, दादा आत यायचे, आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे पाठ करून नेहमीच्या बाकड्यावर बसायचे. अण्णा बशी समोर ठेवून हात पुसत उभे राहायचे. दादा पाव नुसता बुडवायचे, सावकाश चावायचे, छताकडे बघायचे. बाहेर गिऱ्हाइकं ताटकळलेली असायची. मग "जमलं." अण्णा गणपतीपुढे उदबत्ती लावायचे, उरलेल्या फळ्या एकेक करून काढायचे, आणि मगच आतलं पातेलं पुढच्या भट्टीवर यायचं. एवढ्या वेळात मी लहानपणी शंभरदा आत-बाहेर करायचे. मला तो सगळा सोहळा डोक्यात जायचा. घरच्या माणसाला स्वतःच्या हॉटेलातली मिसळ फक्त दुपारी, उरली तर, हे तर त्याहून.

पुढे काळ बदलला. घरोघरी स्टील आलं. आमच्याकडे पितळेच्या जागी जर्मनचं, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचं, पातेलं आलं, आणि ते कळकत नाही. कल्हईला भांडी येईनाशी झाली. दादांचा भाता भिंतीला टांगला गेला, कोळशाचा खड्डा बुजला, आणि त्यांच्या मुलानं त्या गाळ्यात एसटीडी आणि झेरॉक्स टाकलं. दादांना त्या दुकानात बसायला जागा नव्हती. खुर्ची होती, पण ती फोनवाल्यांसाठी. म्हणजे पहिल्या बशीचं मूळ कारण संपलं होतं आणि ती देणं मात्र चालू होतं. मी एकदा हे अण्णांना बोलून दाखवलं. अण्णा म्हणाले, "तू कांदा चिर."

बारावी झाली तेव्हा सत्त्याण्णव की अठ्ठ्याण्णव साल असेल. पुढे पुण्याला शिकायचं माझ्या मनात होतं, घरच्यांच्या मनात स्थळं होती. मी एकुलती एक. दिवसभर कांदा, मटकी, खोबरं भाजणं, आणि मध्ये मध्ये ओट्यावर येऊन रस्ता बघणं. पेठेच्या त्या टोकापासून या टोकापर्यंत माझी नजर रोज इतक्या फेऱ्या मारायची की कुठल्या घराचा कुठला कोनाडा पडलाय हेही मला पाठ झालं. झोपेतसुद्धा मी पाय हलवते, अशी आईची तक्रार होती.

तशात नारायणगावकडचं एक स्थळ आलं. मुलगा, त्याची आई, आणि मामा. कांदेपोह्यांऐवजी अण्णांनी हौसेनं मिसळ मांडली. आमचीच तर ओळख ती. मामांनी पहिला घास घेतला, आजूबाजूला पाहिलं आणि म्हणाले, "जरा मीठ मिळंल का?"

अण्णांचा चेहरा पडला. "पावणं, मीठ बरोबर हाय. दादांनी चाखलंय."

"कोण दादा ते न्हाई मला म्हाईत," मामा म्हणाले, "पण ह्यात मीठ न्हाई. पोरीच्या हातचं असंल तर इचार करावा लागंल, राव."

त्यांनी विचार केलाच, आणि नकार कळवला. मला नकाराचं काही वाटलं नाही, उलट हायसं झालं. पण मीठ मात्र डोक्यात राहिलं. मी बसल्या जागेवरून गिऱ्हाइकांकडे बघायला लागले. निम्म्या बशा अर्ध्याच परत येत होत्या. ओझरहून चतुर्थीचं दर्शन करून जुन्नरला वळणारी नेहमीची माणसं आता स्टँडजवळच्या नव्या हॉटेलात बसत होती. आणि दादा? दादा गेले सहा महिने रोज छताकडे बघून म्हणत होते, "आज जरा खारट झालंय रे." अण्णा लगेच उकळतं पाणी ओतायचे आणि दुसऱ्या दिवशी मिठाचा हात आणखी आखडायचे. असं करत करत आमचा रस्सा कुठे जाऊन पोचला होता ते घरात कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण सकाळी घरात कुणी चाखत नव्हतं. दुपारी उरलेलं आम्ही भाकरीबरोबर खायचो, लोणचं आणि ठेचा ताटात असायचाच, तेव्हा कमी-जास्त कळायचं कसं?

एके दिवशी दादा आले नाहीत, अंगात कणकण होती. अण्णांनी बशी झाकून माझ्या हाती त्यांच्या घरी पाठवली. दार त्यांच्या सुनेनं उघडलं. बशी बघून तिनं कपाळावर हात मारला.

"अगं, रोज हे खात्यात व्हय तिकडं? डॉक्टरनी मीठ बंद केलंय त्यांचं. बीपी वाढलंय. वरीस झालं, आमी घरात त्यांना समदं अळणी देतो. डाळ अळणी, भाजी अळणी."

मी म्हटलं, मग आम्हाला सांगितलं का नाही?

"त्यांनी शपथ घातलीया. हाटेलात कळलं तर बशी बंद करतील म्हणत्यात. तुबी सांगू नगंस बाई. म्हाताऱ्याला सकाळी उठायला तेवढंच एक निमित्त राह्यलंय."

मी तिथंच उंबऱ्यात उभी राहिले. वर्षभर अळणी खाणाऱ्या जिभेला चिमूटभर मीठसुद्धा डोंगराएवढं लागणार. दादा खोटं बोलत नव्हते. त्यांना रस्सा खरंच खारट लागत होता. आणि त्या जिभेवर विसंबून माझा बाप स्वतःच्या हातानं स्वतःचं हॉटेल संपवत होता. आतून दादांचा आवाज आला, "कोण हाय? पोरगी व्हय? आण, आण बशी." त्यांनी घास घेतला, डोळे मिटले आणि म्हणाले, "बापाला सांग, जमलं."

ते आठ-दहा दिवस माझे कसे गेले ते मलाच माहीत. सांगावं तर म्हाताऱ्याची बशी जाते, न सांगावं तर बापाचं हॉटेल जातं. अण्णांचा स्वभाव असा की दादांच्या तब्येतीचं कळलं असतं तर त्यांनी बशी त्याच क्षणी बंद केली असती, त्यांच्या जिवाच्या काळजीनं. मी आईच्या मागे मागे फिरायचे, तोंड उघडायचे आणि काहीतरी भलतंच बोलायचे. कांदा चिरताना दोनदा बोट कापलं. शेवटी एका सकाळी दादा 'जमलं' म्हणाले, अण्णा उदबत्ती लावायला वळले, आई नळाला पाणी आलं म्हणून मागे गेली, आणि मी पातेल्यात पळी घालून रस्सा चाखला.

आमच्या घरात दोन पिढ्यांत कुणी केलं नव्हतं ते मी केलं, आणि मला पाप वगैरे काही वाटलं नाही. राग आला. इतका चांगला मसाला, आईनं पहाटे उठून भाजलेलं खोबरं, आणि वर ही गोड्या पाण्याची चव! मी मिठाच्या डब्यात हात घातला. एक मूठ. ढवळलं, चाखलं. आणखी एक मूठ. मग चव जागेवर आली. बाहेर अण्णांनी शेवटची फळी काढली तेव्हा मी कोथिंबीर निवडत बसले होते.

त्या दिवशी बशा चाटूनपुसून परत आल्या.

मग ते रोजचंच झालं. दोन मुठी, आणि रविवारी पातेलं मोठं म्हणून तीन. फळ्या निघेपर्यंत जेवढा वेळ मिळायचा तेवढाच. महिन्याभरात जुनी गिऱ्हाइकं परत फिरली. डिंभ्याकडची मासे विकायला येणारी माणसं टोपल्या बाहेर ठेवून आत येऊन बसायला लागली. "लई दिसांनी जुनी चव लागली राव," असं कुणी म्हणालं की अण्णा लगेच बाकड्याकडे हात करायचे. "आमचं काय न्हाई. ही समदी दादांची जीभ." दादा मान खाली घालून हसायचे. मी दाराआड उभी असायचे, आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

खरं सांगायचं तर पहिले काही महिने मला मजा वाटली. एवढं मोठं गुपित आपल्या मुठीत आहे, या विचारानं सकाळी लवकर जाग यायची. पण माणूस किती दिवस स्वतःशीच शाबासकी घेणार? दोन वर्षं मी ते केलं. पुण्याचं शिक्षण मागे पडलं, मैत्रिणींची लग्नं झाली, आणि मी रोज सकाळी चोरासारखी मीठ घालत राहिले. मी पुढच्या दारी गल्ल्याजवळ जरा जास्त वेळ उभी राहिले तरी अण्णा "आत जा" म्हणायचे. हॉटेल माझ्या जिभेवर चाललं होतं आणि हॉटेलात मला जागा नव्हती.

दोन हजारच्या आसपास डिंभ्याचं स्थळ ठरलं. मुलगा धरणाच्या ऑफिसात नोकरीला, घर गावात, माणसं चांगली. मी हो म्हटलं. म्हटलं, निदान एका दारातून दुसऱ्या दारात तरी जाऊ. पण साखरपुडा झाला आणि मला झोप लागेना. मी गेल्यावर काय? रविवारची सकाळ होती, अण्णा दादांसमोर बशी ठेवून उभे होते, मधल्या दोन फळ्यांतून बाजाराची चार-पाच माणसं आत येऊन टेकली होती. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "अण्णा, माझ्यामागं हॉटेलचं काय करणार तुम्ही?"

अण्णा हसले. "आता गं? तू काय करतीस हाटेलात? दादा हायेत की."

"जमलं," दादा म्हणाले, त्याच वेळी.

आणि माझा तोल गेला. मी म्हणाले, काय जमलं? त्यांना मीठ कळत नाही! तीन वर्षं घरी अळणी खातात ते. डॉक्टरनं बंद केलंय. रोज तुमच्या मागे मी मीठ घालते, दोन-दोन मुठी, मी चाखून घालते, म्हणून लोक येतात इथं. विचारा त्यांना. विचारा आईला, डबा महिन्याला कसा संपतो ते!

आईच्या हातातला पाव तसाच राहिला. बाजाराची माणसं खाली बघायला लागली. दादांनी बशी हळूच पुढे सरकवली, उठले, तांब्यातल्या पाण्यानं हात धुतला, धोतराला पुसला, आणि दोन फळ्यांमधून बाहेर गेले. जाताना त्यांचा खांदा फळीला घासला. एरवी ते कधी असे धडकत नसत.

मला वाटलं होतं अण्णा मला मारतील. त्यांनी हातही उचलला नाही. ते दादांची बशी उचलत म्हणाले, "त्यांचं दुकान गेलं. भट्टी गेली. पोरगं दुकानात बसू देत न्हाई. एक बशी राह्यली व्हती." मग माझ्याकडे न बघता, "दोन वरसं गप बसलीस. अजून म्हैनाभर बसली असतीस तर काय बिघडत व्हतं?"

दुसऱ्या दिवशी सातला अण्णांनी दोन फळ्या काढल्या आणि बशी बाकड्यासमोर ठेवली. दादा आले नाहीत. बशी गार झाली. अण्णांनी बाकीच्या फळ्या काढल्या पण पातेलं पुढे आणलं नाही. नुसता चहा. आलेल्या गिऱ्हाइकाला सांगायचे, आज मिसळ नाही. मी म्हटलं, मी चाखते ना. त्यांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. असे सहा दिवस गेले. रोज मिसळ शिजायची आणि संध्याकाळी शेजारीपाजारी वाटली जायची. लग्नाला महिनाही उरला नव्हता. मी घरात इकडून तिकडे फिरायचे, कुठलं काम धड होईना. आई म्हणाली, "तूच गेली व्हतीस बोलायला, आता तूच जा."

मी गेले. दादा पडवीत भिंतीला टेकून बसले होते. सून आतून बघत होती, तिची नजर मला टोचत होती. सांगू नकोस हा तिचाही शब्द मी मोडला होता. मी पाया पडले. माफी मागायची म्हणून वाक्यं घोकून आले होते, पण त्याआधी दादांनीच विचारलं.

"पोरी, येक सांग. खरं सांग. मीठ किती घालत व्हतीस?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता. कारागीर दुसऱ्या कारागिराला विचारतो तसं विचारलं होतं, कल्हईला कथील किती लागलं म्हणून. हॉटेलात मी काय ओरडले होते ते त्या गोंधळात त्यांच्या नीट कानावर आलं नव्हतं, की ते मला शब्द परत घ्यायची संधी देत होते, ते मला आजही कळलेलं नाही.

"चिमूटभर," मी म्हणाले.

"चिमूटभरच?"

"हो. कधी कधी तेवढंही नाही लागायचं. मी रागात बोलले दादा, वाढवून बोलले."

त्यांनी माझ्या तोंडाकडे नीट बघितलं. मग त्यांचा श्वास सुटला. "मंग ठीक हाय. चिमटीचं काय, कुणाचंबी चुकतं." आणि आत बघून सुनेला म्हणाले, "चा टाक की गं पोरीला."

दुसऱ्या दिवशी सातला दादा आले. अण्णांनी काही विचारलं नाही, बशी ठेवली. दादांनी पाव बुडवला, छताकडे बघितलं आणि म्हणाले, "जमलं." अण्णांनी उदबत्ती हातात घेतली, पण गणपतीकडे वळायच्या आधी त्यांनी दादांच्या डोक्यावरून स्वयंपाकघराच्या दारात बघितलं. तिथं मी उभी होते. माझ्या हातात पळी होती आणि मी ती लपवली नाही. मी मान हलवली. अण्णा वळले, आणि त्यांनी इतक्या सावकाश फळ्या काढल्या की बाहेरचे लोक कावले. माझं काम झाल्यावर मी पळी पातेल्याच्या कडेवर वाजवली तेव्हा शेवटची फळी निघाली.

लग्नापर्यंत रोज असंच झालं. आम्ही दोघं त्याबद्दल एक शब्द बोललो नाही. पण मला कबूल केलं पाहिजे, तेवढे वीस-बावीस दिवस माझे पाय जागेवर होते. बाप रोज सकाळी माझ्याकडे बघत होता आणि माझ्या होकारावर हॉटेल उघडत होतं. यापेक्षा जास्त काही मला नको होतं.

सासरी निघताना मी आईला एक वाटी दाखवली. दादांनी 'जमलं' म्हटलं की ही वाटी भरून मीठ घाल, रविवारी दीड, चाखायची गरज नाही. आईनं मान डोलावली.

डिंभ्यात मन रमायला वेळ लागला. धरणाचं पाणी समोर पसरलेलं, आणि एसटी येईल तेव्हा खरी. पहाटे जाग यायची ती आपोआप, आणि सात वाजले की माझा हात शिवशिवायचा. दोन महिन्यांनी माहेरी जायची परवानगी मिळाली. मी पोचण्याची वेळ कुणाला कळवली नाही. पहाटेच दुधाच्या टेम्पोनं घोडेगाव, तिथून मिळेल त्या गाडीनं जुन्नर. पेठेत शिरले तेव्हा सात वाजत होते. आमच्या मधल्या दोन फळ्या निघालेल्या होत्या आणि बाहेर फक्त दोन गिऱ्हाइकं उभी होती, बाजाराचा रविवार असूनही दोनच. मी त्यांच्या मागे थांबले आणि फटीतून आत बघितलं.

दादा बसले होते. अण्णा हात पुसत उभे होते. "जमलं." अण्णांनी उदबत्ती हातात घेतली आणि दादांच्या डोक्यावरून स्वयंपाकघराच्या दारात बघितलं. दारात कुणी नव्हतं. आत आई पातेल्याजवळ बसलेली मला दिसत होती, मिठाची वाटी भरून तिच्या पुढ्यात ठेवलेली. ती अण्णांकडे बघत होती. अण्णांनी तिला मानेनं 'नको' म्हटलं, अगदी हलकेच, रोजचं असावं तसं. मग त्यांनी भराभर फळ्या काढल्या, स्वतः पातेलं उचलून भट्टीवर आणलं आणि वाढायला घेतलं.

पहिल्याच गिऱ्हाइकानं मीठ मागितलं.

"बरोबर हाय पावणं," अण्णा म्हणाले. "दादांनी चाखलंय."

मला सगळं कळलं. वाटीभर मीठ हाताशी होतं, कुणी अडवणारं नव्हतं, आणि माझा बाप समजून उमजून अळणी रस्सा वाढत होता. पोरगी होती तोवर डोळेझाक करता आली असेल. आता ते मीठ त्यांना स्वतः, म्हाताऱ्याच्या पाठीमागे, बायकोकडून घालून घ्यावं लागलं असतं, आणि ते त्यांना करायचं नव्हतं. मला इतका राग आला की पिशवी फेकून आत जावं आणि अख्खा डबा पातेल्यात उपडा करावा. पण मी पिशवी हातातच धरून उभी राहिले.

तेवढ्यात अण्णांनी मला बघितलं. ते हसले, सासरहून आलेल्या लेकीला बघून बाप हसतो तसे, आणि त्यांनी बाकड्याकडे बोट केलं. पुढच्या बाकड्याकडे, दादांच्या समोर, जिथं घरच्या बाईनं कधी बसायचं नव्हतं. मी बसले. दादा म्हणाले, "आलीस का पोरी? वाळलीस की गं." अण्णांनी बशी भरून माझ्यापुढे ठेवली आणि दादांसमोर ठेवून उभे राहायचे तसे हात पुसत उभे राहिले.

मी पाव बुडवला, घास घेतला. नुसतं पाणी. आईचं खोबरं, आईचा मसाला, आणि खाली काही नाही. दादा माझ्या तोंडाकडे बघत होते. अण्णाही बघत होते.

"काय गं?" अण्णांनी विचारलं. "कसं झालंय?"

"जमलं अण्णा," मी म्हणाले, आणि बशी शेवटपर्यंत संपवली.